मागच्या खोल्यांचा रंग

“प्लास्टिक पे हाथ फिराओ, बाबूजी,” असं म्हणत टावर चौकातल्या रंगवाल्याने श्रीधरचा हात धरून नमुन्याच्या फळीवर फिरवला. “कुछ आया? अब इधर डिस्टेंपर पे.”

श्रीधरची बोटं पिस्ता रंगाची झाली. ती त्याने रुमालाला पुसली आणि सांगितलं, बैठकीला प्लास्टिक, मागे सगळीकडे डिस्टेंपर. रंगवाला हसलासुद्धा नाही. नव्या शेड कार्डावर चिक्कार छटा आल्या होत्या, तरी नोकरदार गिऱ्हाईक शेवटी तिथेच येऊन थांबत होतं.

सिंहस्थाचं वर्ष होतं. ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे, म्हणून ज्याच्या त्याच्या घरी रंगारी. श्रीधरकडे येणारे पाहुणे मात्र स्नानाला येत नव्हते. इंदूरचे लोक रविवारी त्याच्या मुलीला, गौरीला, बघायला येणार होते. मुलगा इंजिनियर, स्वतःचा बंगला. मुलाच्या वडिलांशी फोनवर बोलताना श्रीधर उगाचच म्हणून गेला, “सगळ्या घराला प्लास्टिक करून घेतोय.” कुणी विचारलं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण आता शब्द मागे घेणार कसा?

रंगारी गेले आणि धारहून आत्या आली. सिंहस्थ संपेपर्यंत राहायचं, रोज शिप्रेत बुडी मारायची, असा तिचा बेत होता. आई गेल्यावर श्रीधरला तिनेच वाढवलं होतं. या घरी यायला तिने कधी विचारलं नव्हतं आणि विचारायची गरजही नव्हती.

तिने घरभर फिरून भिंतींची परीक्षा घेतली. “शाबास! पुढे झकास, मागे काटकसर,” ती म्हणाली. मग तिने हेच कौतुक शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, कुकर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगितलं. “आमच्या पोराने बघा कसं जमवलं. मागे सगळा सस्तावाला.” श्रीधरच्या कानाच्या पाळ्या तापत.

डिस्टेंपर अंगाला लागायचं ते लागतच होतं. बैठकीतून स्वयंपाकघरात जाणारा बोळ अरुंद होता. पहिल्याच दिवशी गौरीची ओढणी पिस्ता झाली आणि मग सगळेच तिथून अंग चोरून जायला शिकले. आत्या तर लुगडं मुठीत आवरून जायची.

शुक्रवारी आत्या राम घाटावर गेली होती आणि गौरी कॉलेजात. श्रीधरची बायको जयू स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. श्रीधरने विषय काढला.

“रविवारी आत्या इथे नको.”

“म्हणजे?” जयूने विचारलं.

“पाहुणे टेकतात न टेकतात तोच ती त्यांना मागच्या भिंती दाखवायला नेईल. मी खोटा पडेन. सोयरीक मोडली तर?”

“अहो, पण त्या सिंहस्थाला आल्यात. असं कसं पाठवायचं? तुम्हाला वाढवलंय त्यांनी. त्यापेक्षा खरं काय ते इंदूरवाल्यांना सांगून टाका ना.”

ती बरोबर बोलत होती, म्हणूनच श्रीधर चिडला. “हे बघ, आत्या त्या डिस्टेंपरसारखी आहे. घरच्यांना चालते. बैठकीत नाही चालत.”

जयूचं लाटणं थांबलं. बोललो ते वाईट बोललो, हे श्रीधरलाही कळलं. त्याची मान खाली गेली, पण शब्द त्याने मागे घेतले नाहीत. “तिला कळता कामा नये, बस. तिला बिलकुल वाईट वाटायला नको. काहीतरी बहाणा शोधू.”

बराच वेळ दोघांना बहाणा सापडला नाही. वैतागून तो बाहेर आला, तर आत्या पुढच्या दारात, पायरीवर बसलेली. मांडीवर ओल्या लुगड्याचा पिळा, पाठीवर पांघरलेला पंचा.

“कधी आलीस गं?”

“ही काय, आत्ताच. ऊन फार रे, श्री.” ती रस्त्याकडे बघत म्हणाली. “घाटावर आमच्या गल्लीतल्या बाया भेटल्या. दुपारच्या बसने परत चालल्यात. मी पण जाते त्यांच्यासोबत. मग एकटीने परत जायचं म्हणजे परेशानी.”

श्रीधरच्या छातीवरचं ओझं उतरलं. “एवढ्यात? राहा की,” तो एकदाच म्हणाला. “बरं, आत तरी ये. पाणी पी.”

“नको, पाय धुळीने भरलेत. माझी पिशवी तेवढी आणून दे.”

पिशवी त्याने लगबगीने आणली. ती लगबग जयूने पाहिली, आणि तिची नजर त्याला चुकवावी लागली. जयूने दशम्यांचा डबा पिशवीत ठेवला. आत्याने तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “गौरीचं चांगलं होईल बघ.”

देवास गेटच्या बसस्टँडवर यात्रेकरूंची ही गर्दी होती. धारच्या बायका कुठे दिसेनात.

“येतील रे. मी त्यांची जागा धरते,” आत्या म्हणाली. श्रीधरने पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला थांबवावं लागलं असतं.

त्याला फार अपराधी वाटत होतं. काहीतरी द्यावं म्हणून तो म्हणाला, “पुढच्या सिंहस्थाला सगळं घर प्लास्टिक करतो. तेव्हा पूर्ण महिनाभर राहायचं हं.”

“बारा वर्षांनी?” आत्या हसली. “बरं.”

बस लागली. एका हातात पिशवी धरून तिने दुसऱ्या हाताने दांडा पकडला आणि पायरीवर पाय ठेवला. मागून रेटा आला, तिच्या पाठीवरचा पंचा घसरून खाली पडला. श्रीधर तो उचलायला वाकला, आणि वर बघतो तर घाटावर बदललेलं तिचं पांढरं लुगडं मानेपासून कमरेपर्यंत पिस्ता झालेलं होतं.