टाकीतले बुडबुडे

सुलोचनाबाई कुबल सकाळपासून टाकीतल्या बुडबुड्यांच्या मागे लागल्या होत्या. पंपाची नळी घट्ट केली, सांध्यांना ग्रीस लावलं, कमी झालेलं खारं पाणी भरलं. तरी बारीक बुडबुडे वर चढतच होते.

समुद्र तापल्यापासून मालवणात प्रवाळ केंद्राने घरोघरी टाक्यांत प्रवाळ सांभाळायला दिलं होतं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी गार ठेवणारं यंत्र बंद पडलं आणि सुलोचनाबाईंचं प्रवाळ पांढरंफटक झालं. ते मेलं असं धरून केंद्रातली फिलोमिना आज ते न्यायला आली होती.

"काकी, कुठून तरी हवा शिरतेय," ती म्हणाली. "आता कशाला जिवाला त्रास?"

"थांब गं, कुठून ते तरी कळू दे," म्हणत सुलोचनाबाईंनी पंपच बंद केला.

पाणी निवांत झालं, पण बुडबुडे थांबेनात. मग त्यांनी टाकीवरचा दिवा घालवला. हळूहळू बुडबुडे विरळ होत थांबले. दिवा लावल्यावर काही वेळाने पुन्हा सुरू झाले.

फिलोमिनाने काचेला भिंग लावलं. प्रवाळाच्या बेचक्यांत तपकिरी छटा आली होती, आणि बुडबुडे तिथूनच सुटत होते.

"काकी, ही पंपाची हवा नव्हे! याच्या अंगातलं शेवाळ गेलं म्हणून हे पांढरं पडलं होतं; ते परत आलंय, उजेडात प्राणवायू सोडतंय."

"म्हणजे जिवंत आहे?"

"जिवंत तर आहेच, शिवाय तापल्या पाण्यात तगलंय. याची कलमं समुद्रात लावून बघू."

सुलोचनाबाईंनी डोळे पुसले. "लावायला मीही येणार," त्या म्हणाल्या. "मला पोहता येतं."