दोन बोटं

"तिसऱ्या कराव्यात आमच्या आईनेच," म्हणत नवऱ्याने ताट दोन बोटं पुढे सरकवलं. नेपल्सच्या बंदरालगतच्या गल्लीत बाजा वाजत होता आणि ताटात शिंपल्यांसकट तिसऱ्या घातलेली स्पॅगेटी वाफाळत होती.

शालन आपल्या ताटातले शिंपले चोखत राहिली. मालवणच्या घरात एकतीस वर्षं ताट असंच सरकत आलं होतं. ते सरकलं की तिने भरल्या पानावरून उठायचं आणि त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी रांधून आणायचं. थोरलीच्या वेळी ओली बाळंतीण असतानाही ती अशीच उठली होती. त्याच थोरलीने तिला ही खानावळ सुचवली होती. "आई, तिथली म्हातारी कुणाची मिजास चालवून घेत नाही."

म्हातारी तरातरा आली. तिने सरकवलेलं ताट पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि ताट उचलून ती आत निघून गेली. दुसरं काही आलं नाही.

"अगं, मी काय उपाशी राहू? तुझ्यातलं दे थोडं. आणि पर्समधला आपला मसाला काढ."

"मसाला घरीच राहिला हो," म्हणत शालनने मसाल्याच्या बाटलीवर पर्सची चेन ओढली आणि शेवटचा शिंपला चोखून खाली ठेवला. मग हात करून तिने आणखी एक ताट मागवलं.

ते आलं तसा नवऱ्याने हात पुढे केला.

शालनने ताट दोन बोटं आपल्याकडे ओढलं.