ठेंगणी चौकट

भाड्यानं द्यायला पहिलंच घर घ्यायचं, म्हणून जातमिकोनं वहीत तेवीस प्रश्न लिहून नेले होते. भाडं किती येईल, भाव कधी वाढेल, भाडेकरू टिकतील का. घरमालकानं प्रत्येकाचं तोंडभरून उत्तर दिलं.

सोबत शेजारच्या वागिनेममावशी होत्या. समुद्रकाठच्या या सेमारांग शहरात त्यांची सहा घरं भाड्यानं दिलेली. त्यांनी काहीच विचारलं नाही, नुसता हात वर केला. तळवा छताला टेकला.

"जातमिको, लेका, मी एवढी उंच कधी झाले रे?"

घरमालकाचा चेहरा खर्रकन उतरला.

"इथली जमीन खचते," बाहेर पडल्यावर मावशी म्हणाल्या. "भरतीचं पाणी घरात शिरतं. मग भराव घालून फरशी वर घ्यायची. दर पाच-सहा वर्षांनी हेच. छत मात्र जागच्या जागी. माझं पहिलं घर असंच होतं. फसले मी."

"मग विकून टाकायचं ना!"

"कुणाच्या गळ्यात मारू? मीच राहते त्यात. चल, चहा घेऊ."

इतकी वर्षं मावशींच्या त्या ठेंगण्या दारातून जातमिको वाकूनच आत जायचा. आज चौकट मागं पडली, तरी त्याची मान लवलेलीच राहिली.