हर्मिनियाचा हात

मैद्याची तिसरी टॉर्टियाही गोलच झाली.

हर्मिनियाने लाटणं बाजूला ठेवलं आणि ओट्याने दगा दिल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं.

काचेबाहेर नवा मालक ब्रेडन उभा होता. ‘एल नोगाल’ हे हॉटेल विकत घेऊन त्याने आठ महिने बंद ठेवलं होतं. तेवढ्या काळात नारिंगी रेक्झिनची बाकं गेली, पिवळ्या चीजमध्ये बुडालेली दोन नंबरची थाळी गेली, गल्ल्याशेजारची, अक्रोडासारख्या पेकनच्या वड्यांची बरणी गेली. त्या बरणीच्या जागी, अगदी दाराशी, ही काचेची खोली आली. आत तवा, तव्यापुढे बाई, आणि बाहेरून गिऱ्हाइकांनी बघायचं. सोमवारी हॉटेल उघडायचं होतं. खोलीतलं काम एकीलाच मिळणार होतं.

“सुरेख आहेत, दोन्या हर्मिनिया,” ब्रेडन म्हणाला. बायकांना मानाने दोन्या म्हणायला तो नुकताच शिकला होता. “फारच सुरेख आहेत, तीच अडचण आहे. लोकांना वाटेल पाकीट फोडून आणल्या. जरा वाकडी लाटा ना.”

“वाकडी कशी लाटतात?” तिने खरंच विचारलं.

दुसऱ्या तव्यापाशी यादिरा होती, चाळिशीची, कालपर्यंत लाँड्रीत चादरींच्या घड्या घालणारी. तिच्या टॉर्टियाला एक कान लांब, एक कड जाड, मध्ये भोक. एक तर हुबेहूब टेक्ससचा नकाशा झाली होती. ब्रेडनने त्या नकाशाचा फोटो काढला.

हर्मिनियाने चौथा गोळा घेतला. डोळे मिटले, लाटणं डाव्या हातात धरलं. पण मैद्याचा मऊ गोळा तळव्याखाली आला की तिचा हात आपसूक फिरे, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. हा हात जुन्या मालकिणीने, दोन्या कुकाने बसवला होता. कुकाचा नियम सोपा होता: गोल ती गिऱ्हाइकाची, वाकडी ती आपली. पहिल्या वर्षी हर्मिनिया स्वतःच्याच वाकड्या खाऊन जगली. मग हात बसला, वाकडी होईनाशी झाली, आणि पुढची छत्तीस वर्षं तिने नव्या पोरींच्या वाकड्या खाल्ल्या. गेले आठ महिने तोच हात मांडीवर पडून होता. रात्री झोपेत चादरीवर फिरे.

चौथीही गोल झाली.

“जाऊ दे,” ब्रेडन हळूच म्हणाला. “मी यादिरालाच...”

“चेमाला बोलवा,” हर्मिनिया म्हणाली.

“कोण चेमा?”

“समोरचा न्हावी. तीस वर्षं रोज माझ्या हातची खाल्लीय त्याने. डोळे बांधले तरी हर्मिनियाची ओळखेन, असं सगळ्या वस्तीला सांगत फिरतो. दोघींच्या ठेवा त्याच्यापुढे. त्याने माझी ओळखली, तर ही जागा माझी.”

ब्रेडनला गंमत वाटली. “आणि नाही ओळखली तर?”

“ओळखेल.”

पडदा ओढून दोघी आत थांबल्या. चेमा आला तो खांद्यावर गिऱ्हाइकांचे केस घेऊनच. पुढ्यात दोन टोपल्या. त्याने दोन्हींवरचं फडकं उचललं, गोल टॉर्टियांची टोपली बोटाने दूर सारली, आणि टेक्ससच्या नकाशाला लोणी फासलं.

“हीच,” तो तोंडात घास घेऊन म्हणाला.

“दुसरी चाखून तरी बघा,” ब्रेडन म्हणाला.

“कशाला? ती मशीनची आहे. इतकं गोल माणसाच्या हातून होत नाही, बाबा. मी जन्मभर लोकांचे कल्ले सरळ करतोय, मला विचार.” त्याने दुसरा घास मोडला. “हिला हात लागलाय. हर्मिनियाचा हात असाच. जरा वाकडा, बाईसारखाच.” तो स्वतःच्याच विनोदावर मनापासून हसला. “आहे कुठे ती म्हातारी? तिला सांग, चेमाने बघताक्षणी ओळखली. खूश होईल.”

आत यादिरा तवा सोडून पडद्याकडे वळली. “मावशी, मी बाहेर जाऊन सांगते त्याला.”

“तुझी करपतेय बघ,” हर्मिनिया म्हणाली. आणि मग, तव्यावरची उलटून देत, “आच कमी ठेवत जा. ह्या तव्याचा डावा कोपरा जास्त तापतो.”

चेमा गेल्यावर ब्रेडन आत आला. त्याने फार मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. गोल टॉर्टियांची टोपली फडक्यात बांधून तिच्या हातात दिली. “ह्या तुम्ही घेऊन जा. इथे वायाच जातील.”

मागच्या अंगणात पेकनचं झाड अजून होतं, आणि त्याच्याखाली ती उपडी बादलीसुद्धा. त्याच बादलीवर बसून स्वयंपाकघरातल्या बायका जेवायच्या. हर्मिनिया टेकली. तिने गाठ सोडली, वरची टॉर्टिया उचलली. ती गार झाली होती, पण अजून मऊ होती. कडेवर कुठे बोट ठेवावं तर सुरुवात नाही, शेवट नाही.

दोन्या कुका जाऊन अकरा वर्षं झाली होती. तरी घास तोंडाशी नेताना हर्मिनियाने मागे वळून पाहिलं, दारातून कुणी बघत नाही ना.