कायरनचं डोकं

"डोकं तुम्ही उडवताय, सर. वरचे नाही. वरच्यांनी अजून भिंत बघितलीसुद्धा नाही."

सहावीला शिकवणाऱ्या अनुराधाबाई हे भर आवारात बोलल्या. बुधवारची शाळा सुटली होती, आता गुरुवार-शुक्रवार सुट्टी; बसगाड्या निघून गेल्या होत्या, पण जेद्दाचं ऊन काही भिंतीवरून उतरायला तयार नव्हतं. साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. साहेब म्हणजे या भारतीय शाळेचे मॅनेजर. त्यांनी बोट रोखलं ते थेट भिंतीवर.

"यासीन, मुंडकं तेवढं काढ. बाकीचं राहू दे."

यासीन पेंटर शिडीवर उभा होता. भिंतीवर कायरन. कमरेखाली घोडा, कमरेवर माणूस. सहावीच्या पुस्तकात त्याचा धडा होता. ग्रीकांच्या पुराणातला हा गुरू. भलेभले वीर त्याच्या हाताखाली तयार झाले, बाण मारायला शिकले, जखमेवरचा पाला ओळखायला शिकले. पुढे एका शिष्याचाच विषारी बाण त्याच्या पायात घुसला, आणि जगाला बरं करणाऱ्याला स्वतःची जखम काही बरी करता आली नाही. बाईंनी गोष्ट सांगितली, साहेबांनी कागदावरचं चित्र पास केलं, मग यासीननं ब्रश उचलला. चित्रातली मुलं आपल्याकडे पाठ करून बसलेली. तोंड दिसायचं ते एकट्या कायरनचं.

"साहेब, सांगितलं कुणी?"

"वरून आलंय."

"वरून म्हणजे कुणाकडून?"

"तुला पोरीच्या निकाहाला जायचंय ना? मग वरून म्हणजे वरून."

साहेबांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. खिशात यासीनचा पासपोर्ट होता, सुट्टीवर जायचा शिक्का मारलेला. उद्या सकाळी विमान, रविवारी दाभोळला लेकीचा, नूरैनचा निकाह.

जिवंत प्राण्याची तसबीर इथं कित्येकांना चालत नाही, आणि डोकं नसलं की तसबिरीत जीव राहत नाही, हे यासीनला कुणी समजवायला नको होतं. बलदच्या जुन्या बाजारातल्या दुकानांतून बिनडोक्याच्या पुतळ्यांवर झगे टांगलेले त्यानं रोज बघितले होते. गिऱ्हाइकानं म्हटलं तर पाटीवरच्या माणसाच्या गळ्यावरून त्यानं स्वतः ब्रश फिरवला होता. ज्याची ती श्रद्धा, त्याच्याशी त्याचं भांडण नव्हतं. साहेबांची श्रद्धा मात्र खुर्चीवर होती. शनिवारी तपासणीला कुणी येणार एवढं कानावर आलं, आणि यांची खुर्ची डुगडुगायला लागली. कुणी मागायच्या आधीच दुसऱ्याचं डोकं कापून ताटात ठेवायचं, याला ते मॅनेजमेंट म्हणत.

यासीननं पांढरा रंग ढवळला. ब्रश कायरनच्या कपाळाशी नेला आणि तिथंच थांबला.

"काय झालं, यासीनभाई?" बाईंनी विचारलं.

"ग्रीक माणूस मी कुठं बघितलाय, बाई? तोंड मी आमच्या धोंडीराम मास्तरांचं घातलंय."

चिपळूणचे धोंडीराम पेंटर. परांचीवरून पडून एका पायानं अधू झालेले. यासीनचं बोट धरून त्यांनी पाटीवर अक्षर कसं बसवायचं ते शिकवलं होतं. आता ते नव्हते. त्यांचा फोटोही कुणी काढलेला नव्हता.

"मग नका काढू," बाई म्हणाल्या.

"पोरगी वाट बघत्ये, बाई."

"अरे, मुशायरा चाललाय का तिथं?" साहेब ओरडले. "यल्ला, आटप!"

यासीननं आधी डोळे झाकले. मग बाकीचं.

साहेब मागं सरकले, मान तिरकी करून बघू लागले. "शी! भूत दिसतंय. पोरं घाबरतील. असं कर, घोड्याचं डोकं लाव."

"घोड्यात जीव नसतो, साहेब?"

"घोडा चालतो. इथल्या लोकांना घोडे आवडतात."

"माणसाच्या छातीवर घोड्याचं तोंड?"

"मग छाती काढ. हात काढ. सरळ घोडाच कर ना! तुम्हा लोकांना एकेक गोष्ट सांगावी लागते."

मगरिबची बांग होईतो सरळ घोडा झाला. चांगला झाला, यासीनच्या हातून वाईट काम होत नसे. पाठमोरी मुलं मांडी घालून घोड्यापुढे बसली होती. बाई बघवेना म्हणून दुसरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. साहेब मात्र खूश. त्यांनी पासपोर्ट काढून यासीनच्या हातात दिला.

"खलास! जा, पोरीला माझी मुबारक सांग."

यासीननं पासपोर्ट उघडला, शिक्का नीट बघितला, बनियनच्या आतल्या खिशात घातला. बाईंना वाटलं, आता हा शिडी उचलून जाईल. पण तो भिंतीपाशी उकिडवा बसला. चित्राच्या खाली मोठाल्या अक्षरांत इंग्रजीतून लिहिलेलं होतं, 'आमचे गुरुजी'. त्यानं डब्याचं झाकण पुन्हा उघडलं.

"साहेब, हे नाव ठेवू की काढू?"

"कुठलं नाव?" साहेब गाडीच्या वाटेला लागले होते.

"आमचे गुरुजी. घोड्याच्या खाली आलंय."

"नंतर बघू रे."

"नंतर मी नाय. शनिवारी पोरं येणार, वाचणार." ब्रश रंगात बुडवून त्यानं हात तसाच अधांतरी धरला. "डोकं काढ म्हणालात, काढलं. हात काढ म्हणालात, काढले. आता हे पण तुम्हीच सांगायचं, बाईंच्या समोर. ठेवू की काढू? बोला, साहेब."