यंत्रांची सुटी

खंडेनवमीच्या सकाळी हेरंबने वाफेच्या युगाच्या थाटात सजवलेल्या आपल्या स्टीमपंक कॅफेतल्या पितळी इंजिनाला झेंडूचा हार घातला आणि भक्तिभावाने हात जोडले. काउंटरमागे उभ्या असलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीला, सुलभाताईला, हसू आवरेना. त्या इंजिनाने जन्मात वाफ पाहिली नव्हती. भिंतीवरची दातेरी चाकं गोंदाने चिकटवलेली होती, नळ्यांमधून वारासुद्धा जात नव्हता. तरी गिऱ्हाईकं तिथे फोटो काढून घेत आणि म्हणत, "काय जमाना होता!"

कॅफेत खरं राबणारं यंत्र एकच होतं, लाल प्लॅस्टिकचा मिक्सर. तो दिसला की वाफेच्या युगाचा सगळा विचका होतो, म्हणून हेरंबने त्याला पडद्याआड ठेवलं होतं.

"ताई, पूजा केलेलं यंत्र आज चालवायचं नाही हं," हेरंब गंभीरपणे म्हणाला. "बिचाऱ्यांना वर्षातून एक दिवस तरी सुटी हवी."

"अगदी खरं," म्हणत ताई हळदीकुंकू घेऊन पडद्याआड गेली.

दुपारी कॅफे भरला. जो तो कोल्ड कॉफी मागू लागला. हेरंबने घाईघाईने पडदा सारला, तर मिक्सर कुंकू लावून, डोक्यावर झेंडू मिरवत पाटावर बसलेला!

"अगं ताई, हे काय केलंस? आता कॉफी कशी करायची?"

"तुझ्या त्या इंजिनाला सांग की," ताई म्हणाली. "त्याला कशाला हवी सुटी? ते कुठे दमलंय!"