उभी पाती

चित्र तिरपं झालं होतं.

शेवंता धुणं वाळत घालून आत आली, तर भिंतीवरचा चौकोनी कागद एकाच कोपऱ्यावर लोंबत होता. दुसऱ्या कोपऱ्याची पितळी पिन खाली पडली होती. कागदावर पेन्सिलीनं काढलेली पवनचक्की. शेवंता ज्या रशियन बाईंकडे कामाला होती, त्यांनी परत जाताना दिलेली; त्यांच्या गावची. दुभाष्यानं समजावलं होतं, "काम नसलं की हिची पाती उभी-आडवी ठेवतात. गावात कोणी मेलं, की तिरपी."

तिचा नवरा देवीदास तेव्हा हसला होता. "पिठाच्या चक्कीले एवढाले पंखे, आन् आपल्या क्वार्टरले एक नाई!"

शेवंता हसली नव्हती. मयताच्या घरी जातं फिरवत नाहीत, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

चौकोनी कागद कोपऱ्यावर टांगला की उभं ते तिरपं दिसणारच. तिला ते कळत होतं. तरी तिची नजर दाराकडे गेली. देवीदास पहाटेच पोलाद कारखान्यात भट्टीवर गेला होता. भिंतीपलीकडे केवलरामच्या बायकोचं, शकुबाईचं जातं घरघरत होतं.

तिनं पिन उचलली, कागद सरळ केला आणि जुन्याच भोकात अंगठ्यानं पिन दाबत राहिली.

"या घरी नाई," ती पुटपुटली. "या घरी नाई."

मागून चपला वाजल्या. दारात देवीदास उभा होता.

"तुमी? आता कसे?"

"भट्टीवर गेलोच नाई. गेटवर केवलराम भेटला. म्हणे, सांजच्याले पाहुणे येऊन राहिले, माही दुपारची पाळी तू कर, तुही मी करतो. मंग सुपेल्याच्या बाजारात चहा पेत बसलो." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "काहून वं, भूत पाह्यलं का?"

ती मोठ्यानं हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

बाहेर कारखान्याची जीप थांबली. टोपी हातात धरलेला एक माणूस पायरीशी आला.

"केवलराम का क्वार्टर कौन सा है?"

देवीदासनं शेजारच्या दाराकडे बोट केलं. माणूस तिकडे गेला. कडी वाजली.

भिंतीपलीकडचं जातं अर्ध्या फेऱ्यात थांबलं.

चित्रातली पाती सरळ उभी होती. शेवंतेच्या अंगठ्यावर पिनेचा गोल वळ अजून लाल होता.